यादी आलेली नाही

४ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

आशीर्वाद द्यायचा अधिकार अजून शिल्लक आहे असं धरून देतोय. नको असेल तर परत पाठव. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचतेस आणि गप्प बसतेस, म्हणून शेवटी कागद घेतला. बावीस वर्षं कीबोर्ड बडवून माझं अक्षर असं झालंय की ते फक्त औषधांच्या दुकानदाराला वाचता येईल. सांभाळून घे.

कामं दोन. पहिलं, तुझ्या आयकॉनची मूळ फाइल सापडत नाही. 'नक्की-शेवटची' या नावाच्या सात फाइली आहेत, त्यातली खरोखर शेवटची कुठली?

दुसरं काम जरा मोठं आहे. मुलांच्या रुग्णालयातून तिथल्या व्यवस्थापक बाईंचा फोन आला होता. वॉर्डातल्या सगळ्या स्क्रीन नव्याने करायच्या कामासाठी तू अर्ज केलायस, हे मला त्यांच्याकडून कळलं. भावाला बाहेरून कळतं, असो. तुझं काम त्यांना फार आवडलंय. पण गेल्या मार्चमधली ती गोष्ट त्यांच्या कानावर गेलीय. म्हणाल्या, "तुम्ही भाऊ आहात, पण ऑफिसात तिचे वरिष्ठही होतात. नेमकं काय घडलं ते लेखी द्या. अठ्ठावीस तारखेच्या आत. त्यावर आमचं हो-नाही ठरेल." मी म्हणालो, देतो की.

तू निश्चिंत राहा, चांगलंच लिहीन. तुझ्या सोमवारांबद्दल तर लिहिणारच आहे. आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये चाचणीचे दोनशे खोटे रुग्ण भरलेले असायचे, 'टेस्ट आजोबा', 'टेस्ट आजोबा दोन', 'अबक आजी'. त्यामुळे घरोघर जाणाऱ्या सिस्टरांसाठीचं आपलं ॲप भरलेलं कसं दिसतं ते सगळ्यांना ठाऊक, आणि रिकामं कसं दिसतं ते कुणालाच नाही. तू मात्र दर सोमवारी सकाळी स्वतःचं खातं पुसून टाकायचीस आणि कालच नोकरीला लागलेल्या सिस्टरसारखी पहिल्यापासून सुरुवात करायचीस. 'ठकूची पाटी कोरी' म्हणून आम्ही तुला किती छळलं. चार माणसांच्या ऑफिसात तीन जण हसत होते आणि शहाणी एकच होती.

आई बरी आहे. ती तुझं नाव काढत नाही, मीही काढत नाही.

तुझा
दादा


१० फेब्रुवारी

प्रिय ठकू,

रुग्णालयाचं पत्र लिहायला बसलो. कौतुकाची दोन पानं एका बैठकीत झाली. तुझं कौतुक करणं इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. समोर असताना कधी केलं नाही, त्यामुळे साठून राहिलं असावं.

ते स्वागतकक्षातल्या बाईंचं लिहिलंय. आठवतं ना? नव्या सिस्टरने ॲप उघडलं आणि अजून एकही रुग्ण नोंदवलेला नसला, की मी लिहिलेलं यायचं, 'माहिती उपलब्ध नाही'. मला त्यात काही खटकत नव्हतं. तू तो फोन घेऊन आपलं ॲप वापरणाऱ्या शुश्रूषा संस्थेत गेलीस आणि तिथल्या स्वागतकक्षातल्या बाईंच्या हातात दिलास. बाईंनी बघितलं आणि दचकून म्हणाल्या, "अगं बाई, मी काही पुसलं की काय?" परत येताना तू मला एवढंच म्हणालीस, "दादा, रिकामं दिसलं की माणूस आधी स्वतःलाच दोष देतो."

मग तू लिहिलंस, 'अजून एकही रुग्ण जोडलेला नाही. पहिलं नाव इथे लिहा.' खाली एक बटण, बस्स. पुन्हा त्याच बाईंकडे गेलीस. त्या म्हणाल्या, "हो का? लिहिते की," आणि त्यांनी आपल्या नवऱ्याचंच नाव लिहिलं. आजार या रकान्यात 'ऐकत नाही'.

दुसरी स्क्रीन दिवसाचं काम संपल्यावरची. 'आजच्या सगळ्या भेटी झाल्या. आता थोडं बसा.' घरोघर जाऊन इंजेक्शनं देणाऱ्या, जखमा धुणाऱ्या बायका, त्यांना दिवसभरात कुणी 'बसा' म्हणत नाही. दोघीतिघींनी ती स्क्रीन घरी नेऊन दाखवली म्हणे.

आणि तिसरी. यादी फोनपर्यंत पोचलीच नाही तर दिसायची ती. 'यादी आलेली नाही. आज भेटी आहेत की नाहीत हे या फोनला माहीत नाही. मोठ्या सिस्टरना विचारा.' आणि त्यांना थेट फोन लावायचं बटण. त्यावर मी तुझ्याशी आठवडाभर भांडलो. मला तिथे झोपलेल्या मांजराचं चित्र हवं होतं. तू म्हणालीस, "आपण घरी नसताना दारावर चिठ्ठी लावतो, तिच्यावर मांजर काढतो का?" मी म्हणालो, आपलंच सॉफ्टवेअर 'मला माहीत नाही' म्हणणार? गिऱ्हाईक काय म्हणेल? त्यावर तू म्हणालीस, "माहीत नसताना माहीत असल्यासारखं बोलणारी माणसं कमी आहेत का, त्यात आपण फोनची भर घालायची?" त्यावर मी आवाज चढवला.

हे सगळं लिहिलंय. अडलोय ते पुढे. मार्चमधल्या त्या शनिवारी दुपारी सर्व्हर बसला तो सोमवारी सकाळी उठला. नेहमीच्या सिस्टर रजेवर, त्यांच्या जागी बदलीच्या सिस्टर. त्यांना भाग नवा, माणसं नवी, भरवसा फक्त यादीवर. घड्याळ दुरुस्त करणारे ते आजोबा एकटे राहतात, हात थरथरतात म्हणून इन्सुलिन सिस्टरच देतात. बदलीच्या सिस्टरनी शनिवारी संध्याकाळी फोन उघडला, रविवारी उघडला. दोन्ही दिवस त्यांना दिसलं, 'आजच्या सगळ्या भेटी झाल्या. आता थोडं बसा.' शनिवारी त्यांना वाटलं, रजेवर जाणाऱ्या सिस्टर आधीच उरकून गेल्या असतील; रविवारी वाटलं, दुसऱ्या कुणाकडे दिल्या असतील. संस्थेचं ऑफिस बंद. सोमवारी सकाळी शेजाऱ्यांनी दार उघडलं तर आजोबा जमिनीवर.

तिसरी स्क्रीन तयार असताना दुसरी का दिसली, ते एका वाक्यात लिहायचंय. सध्या 'काही तांत्रिक कारणांमुळे' असं लिहून ठेवलंय.

दादा


१७ फेब्रुवारी

ठकू,

तुझं कार्ड मिळालं. अकरा महिन्यांनी दोन ओळी. 'फाइल: नक्की-शेवटची-४. दादा, जे झालं ते लिही, माझं चांगलं लिहू नकोस.'

वाचून डोकं फिरलं माझं. भलं करायला जावं तर हे ऐकून घ्यायचं! दोन दिवस धुमसत होतो. तिसऱ्या दिवशी तुझं कार्ड पुन्हा वाचलं आणि राग कुणाचा आलाय ते कळलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही.

तर घे, जे झालं ते. तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण मी ते कुठेच लिहिलेलं नाही.

त्या घटनेच्या तीन आठवडे आधीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांना ॲप दाखवायचं होतं. त्यांची सभेची खोली तळघरात, तिथे नेटवर्कचा भरवसा नाही. तू दुपारी आईला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होतीस. मी एकटाच बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर आलं, की अध्यक्ष फोन हातात घेतायत आणि आपलं ॲप त्यांना सांगतंय, 'मला माहीत नाही.' मी एकच ओळ बदलली. यादी आली नाही तर तिसरीऐवजी दुसरी स्क्रीन दाखवायची. शेजारी टीप लिहिली, 'उद्यापुरतं'. दाखवण्याचा कार्यक्रम झकास झाला. नेटवर्क तर सगळा वेळ व्यवस्थित होतं. अध्यक्षांनी हात हातात घेऊन दाबला. आणि मी त्या आनंदात ती ओळ परत फिरवायची विसरलो.

तुला विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, तळघरात जाऊ नका, वर खिडकीपाशी बसून दाखवा. पण विचारायचं कशाला? मी मोठा ना.

आजोबा रुग्णालयात होते तेव्हाच्या संस्थेतल्या त्या बैठकीत मोठ्या सिस्टरनी विचारलं, "यादी आली नाही, तर तुमचं ॲप काय दाखवतं?" मला त्या क्षणी 'उद्यापुरतं' हा शब्द दिसला, अगदी माझ्याच अक्षरात असावा तसा. आणि मी म्हणालो, "स्क्रीनचं सगळं काम बहीण बघते." खोटं नव्हतं ते. खोट्याहून वाईट होतं. तू बैठकीला यायच्या आधीच ती ओळ शोधून काढली होतीस, त्यावर माझं नाव होतं, हे मला नंतर कळलं. तू माझ्याकडे बघितलंस. मी टेबलाकडे. मग तू म्हणालीस, "ती स्क्रीन राहून गेली." असं म्हणालीस, जशी घरातून निघताना छत्री राहून जाते.

जिन्यात तू थांबली होतीस. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबली होतीस, एवढं तेव्हाही कळत होतं मला. मी म्हणालो, "निभावलं बुवा." तू म्हणालीस, "आजोबांना बघून येऊया का?" आणि मी घड्याळाकडे बघून चार कामं सांगितली. पुढच्या आठवड्यात तू राजीनामा दिलास.

हे सगळं तुला लिहिलं. रुग्णालयाच्या पत्रात अजून 'काही तांत्रिक कारणांमुळे'च आहे. खरं लिहिलं तर ते फक्त रुग्णालयापुरतं राहणार नाही. संस्थेला कळेल. आईला कळेल. विचार करतोय.

दादा


२२ फेब्रुवारी

ठकू,

आज बदलीच्या सिस्टरकडे गेलो होतो. स्वतःला सांगत होतो, की पत्रातले तपशील तपासायला जातोय. खरं म्हणजे पत्र लिहायचं टाळायला गेलो होतो.

दुसरा मजला, दोन खोल्या, दारातच इस्त्रीचं टेबल. आजोबांच्या प्रकरणात संस्थेने त्यांना काही बोल लावला नव्हता, म्हणून त्या मजेत कामावर असतील असं मी धरून चाललो होतो. तर त्या चपलांच्या दुकानात गल्ल्यामागे बसतात. मी नाव सांगितलं तशा म्हणाल्या, "त्या ताईंचे भाऊ? या, बसा ना."

"कुठल्या ताई?"

"आता तुमच्या बहिणी आहेत तरी किती? दर रविवारी फोन करतात त्या."

दर रविवारी! ठकू, मला हे माहीत नव्हतं. त्या सांगत होत्या आणि मी ऐकत होतो. तुझा पहिला फोन आला तेव्हा त्यांना वाटत होतं, की आपणच चुकीचं वाचलं असणार, कारण सोमवारी फोन उघडला तर यादी नीट दिसत होती. तू त्यांना म्हणालीस, "तुम्ही बरोबर वाचलंत. स्क्रीन खोटं बोलली." त्यांनी विचारलं, मग चूक कुणाची? तू म्हणालीस, "आमच्या घरची."

माझं नाव घेतलं असतंस तर चाललं असतं. तुझं एकटीचं घेतलं असतंस तर मी निदान रागावलो असतो. 'आमच्या घरची' याला मी काय करू?

मी विचारलं, काम का सोडलंत?

"सोडलं नाही हो, जमेना. त्यानंतर दोन आठवडे गेले. पण यादी संपली की विश्वासच बसेना. खरंच संपली का? की आली नाही? ऑफिसला फोन लावायचा. ते म्हणायचे संपली. मी बसमध्ये चढायचे, उतरायचे, परत फोन. एका दिवसात चौदा वेळा केला. ते वैतागले, मी पण. चपलांचं बरं आहे. खोकं उघडलं की दिसतं, आहे की नाही."

आणि त्या हसल्या. मला हसता आलं नाही. तू तिसऱ्या स्क्रीनसाठी आठवडाभर का भांडलीस ते मला वाटत होतं मला समजलंय, कौतुकाची दोन पानं लिहिली म्हणजे समजलंच. मला काडीचंही समजलं नव्हतं. त्या बाईंचा 'भेटी झाल्या' या शब्दांवरचा विश्वास मी एका ओळीत मोडला, आणि तू अकरा महिने रविवारी रविवारी तो जोडायला बसलीस. तुझ्यासारखं काम करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. बहीण म्हणून म्हणत नाही, या धंद्यात बावीस वर्षं काढलेला माणूस म्हणून म्हणतोय.

पाणी प्यायलो, उठलो. वाक्य जिभेवर होतं. तिथेही बोललो नाही. जिना उतरताना माझी मलाच लाज वाटली.

दादा


२७ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

पत्र दिलं. डाकेने नाही, हाताने. रुग्णालयात आणि संस्थेत, दोन्हीकडे तेच. कौतुकाची दोन पानं काढून टाकली, तू सांगितलं होतंस म्हणून. राहिली अकरा ओळींची चिठ्ठी. कुठली ओळ कुणी बदलली, कोणत्या दिवशी, कशासाठी, आणि बैठकीत कोण काय बोललं आणि कोण काय बोललं नाही. 'तांत्रिक' हा शब्द त्यात कुठेही नाही.

मोठ्या सिस्टरनी माझ्यासमोर वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. म्हणाल्या, "त्या मुलीला मी त्या दिवशी काय काय बोलले, माहितीय ना तुम्हाला? तुम्ही शेजारी बसला होतात." मी हो म्हणालो. पुढच्या महिन्यापासून ॲपच्या कामासाठी संस्था दुसरं कुणीतरी बघणार आहे. ठीकच आहे. जाताना मी विचारलं, की त्या घटनेनंतर तिथे नुसतं 'ऑफिसला फोन करा' ठेवलंय, ते काढून तोपर्यंत तिसरी स्क्रीन होती तशी परत लावू का? म्हणाल्या, "विचारता काय? आज लावा." लावली. एका शब्दाला हात लावला नाही.

तिथून बदलीच्या सिस्टरकडे. या वेळी दारातच बोललो, आत गेलो तर पुन्हा पाणी पिऊन परत येईन या भीतीने. त्यांनी इस्त्री उभी केली. "म्हणजे तुम्हाला त्या दिवसापासून माहीत होतं?" "हो." "आणि ताई माझ्याशी दर रविवारी बोलत होत्या, तेव्हा तुम्ही कुठे होतात?" घरीच होतो. त्या मला तासभर बोलल्या. आजूबाजूची दारं उघडली. मी उभा राहिलो, तेवढं एक बरं केलं. शेवटी दमल्या आणि म्हणाल्या, "दाखवा बघू ती स्क्रीन." मी नेट बंद करून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी मोठ्याने वाचलं. मग बटण दाबलं, खरंच फोन लागतो का ते बघायला. लागला. पलीकडे मोठ्या सिस्टर. दोघी बराच वेळ बोलल्या. मी इस्त्रीच्या टेबलापाशी उभा. एक तारखेपासून बदलीच्या सिस्टर अर्धा दिवस कामावर जाणार आहेत, जमलं तर पुढे पूर्ण.

रुग्णालयाच्या बाईंचा फोन आज सकाळी आला. म्हणाल्या, "तुमच्याकडून आम्ही कधी काम करून घेणार नाही, हे तुम्हाला समजलंच असेल." म्हणालो, समजलं. "तुमच्या बहिणीला मात्र आजच पत्र जातंय." माझ्या तोंडून एकदम मोठ्याने 'वा!' निघालं. बाई हसल्या.

आता राहिली आई. आईला मी वर्षभर काय सांगितलं होतं? काहीच नाही. तिने बाहेरून ऐकलं, की लेकीच्या हलगर्जीपणाने एक म्हातारा मरता मरता वाचला, आणि मी ते खोडलं नाही. ती तुझं नाव काढत नाही असं तुला पहिल्या पत्रात लिहिलं, तेव्हा जणू तिचाच दोष होता. आज दुपारी तिच्यासमोर बसून सांगितलं. संपल्यावर उठली, आतल्या खोलीत गेली. मला वाटलं रडते आहे. बघतो तर कपाटावरची बॅग काढतेय.

"किती दिवसांसाठी?" मी विचारलं.

"ती जा म्हणेपर्यंत."

मी म्हणालो, सोडायला येतो. म्हणाली, "तू इथेच बस."

तेव्हा उद्या दुपारच्या गाडीने आई येतेय. पावणेसहाला पोहोचेल, आठव्या डब्यात आहे, हे तुला मेसेजनेही कळवलंय, मेसेज तर तू वाचतेस. बॅग जड आहे, तिला उचलू देऊ नकोस. हे पत्र तिच्याच हाती देतो, म्हणजे डाकेचे चार दिवस वाचतील.

तुझा
दादा

ता. क. अठ्ठावीसची सकाळ. पत्र पाकिटात घालताना आईने ते मागून घेतलं आणि शेवटपर्यंत वाचलं. म्हणाली, "पाच पत्रं लिहिलीस म्हणतोस. तिचं कौतुक झालं, तुझी गोष्ट झाली. माफी कुठे मागितलीयस?" मी म्हणालो, सगळ्या पत्रांत तीच तर आहे. तिने कागद पुन्हा माझ्यासमोर ठेवला आणि दाराशी बॅग घेऊन उभी राहिली आहे.

ठकू, चूक माझी होती. मला माफ कर.